पेटी उघडून पाहण्याचा हक्क

आपल्या घरांत मुलांना एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : "हात लावू नको, बिघडेल." पंखा असो, मिक्सर असो की मोबाइल, वस्तू हप्ते फेडून आणलेली असते आणि बिघडली तर दुसरी आणण्याची ऐपत नसते. म्हणून आईबाप असे बोलतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण या एका वाक्याने मुलांचे काय नुकसान होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. यंत्र विकत घ्यायचे आणि वापरायचे आपण. ते उघडायचे आणि समजून घ्यायचे मात्र दुसऱ्या कोणी, असे जणू ठरूनच गेले आहे. हे कोणी ठरवले, असा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

या लेखाचे निमित्त एक जुना टीव्ही गेम आहे. कुटुंबाच्या पानावर परीक्षा, शिष्यवृत्ती, आरोग्य, धम्मसंस्कार यांबद्दल लिहिले जाते; तिथे हा पोरखेळ कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

१९९० नंतरच्या दशकात ज्यांचे शाळेचे दिवस गेले, त्यांना ही पेटी चांगली आठवत असेल. प्लास्टिकची हलकी पेटी, तिला वायरने जोडलेले दोन रिमोट, एक बंदूक आणि वरच्या खाचेत बसवायची कॅसेट. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा बॅटल सिटी, बदके मारण्याचा डक हंट हे त्यावरचे खेळ. कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचे. जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावाने ते जपानमध्ये विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत १४,८०० येन होती. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने त्याची रचना केली. आपल्याकडे बहुतेक घरांत पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. मूळ कंपनीचे नाव आम्हाला तेव्हा माहीतही नव्हते. आम्ही त्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत असू.

आमच्या चाळीत अशी पेटी १९९७ साली आली. ती कोणा एकाची नव्हती. चार घरांनी वर्गणी काढून घेतली होती आणि रंगीत टीव्ही आमच्याकडे होता म्हणून ती आमच्या घरी राहिली. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की मुलांच्या पाळ्या लागत. गिरणी बंद पडल्यामुळे घरी बसलेले शेजारचे एक काका दारात उभे राहून पाहत. एकदा मुलांनी त्यांच्या हाती रिमोट दिला. तीस वर्षे साच्यावर काम केलेला माणूस. अर्ध्या तासात तो आमच्यापेक्षा चांगला खेळू लागला. पुढे शाळा संपली, चाळ सुटली, आणि पेटी आमच्या सामानाबरोबर नव्या घरी येऊन पोटमाळ्यावर गेली.

गेल्या उन्हाळ्यात पोटमाळा साफ करताना ती खाली आली. दहावीची परीक्षा देऊन माझी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती. तिने विचारले, "मामा, हे चालतं का?" मी म्हणालो, "चालायचं. आता कोण जाणे." लावून पाहिले तर दिवासुद्धा लागला नाही. पेटी घेऊन आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. म्हणाला, "साहेब, भंगारात द्या. याच्यासारखं नवं मिळतं." घरी आल्यावर भाची म्हणाली, "मामा, भंगारातच द्यायचं असेल तर आधी उघडून बघू या ना. आता आणखी काय बिघडणार आहे?"

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बी. कॉम. झालेला कारकून, ताळेबंद जुळवता येतो, पण विजेच्या वस्तूचे मला फारसे ज्ञान नाही. आमच्या वस्तीत रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आपली हत्यारांची पेटी काढली : मीटर, पंचवीस वॉटची सोल्डरिंग गन, सोल्डरची तार, चिमटा, स्क्रू ड्रायव्हर. त्यांची पहिली अट अशी, की ते स्वतः हात लावणार नाहीत. सगळे भाचीने करायचे.

पेटीच्या खालचे स्क्रू काढले. आत धूळ, झुरळांची घाण आणि तळहातापेक्षा थोडा मोठा हिरवा पट्टा, म्हणजे पीसीबी. त्याच्या मध्यभागी डांबराच्या ठिपक्यासारखा काळा गोळा. काका म्हणाले, "मेंदू याच्या खाली आहे. हा मेला असेल तर काही करता येणार नाही. पण आधी मेंदूवर संशय घ्यायचा नाही. आधी बघायचं, त्याला जेवण मिळतंय का."

मग सुरू झाला शोध. ॲडॅप्टर भिंतीत लावून त्याच्या पिनेला मीटर लावले, तर काटा शून्यावर. पिनेजवळ वाकून वाकून आतली तार तुटली होती. काकांनी नवा नऊ व्होल्टचा ॲडॅप्टर आणायला सांगितले आणि बजावले, की पिनेच्या आतल्या बाजूला अधिक आहे की उणे, हे चिन्ह बघूनच घ्यायचे. उलटे लागले तर पेटी जळू शकते. नवा ॲडॅप्टर लावताच लाल दिवा लागला. पण दिवा मंद होई, पुन्हा वाढे.

पीसीबीवर एक तीन पायांचा काळा तुकडा होता. त्यावर ७८०५ असे छापलेले. हा रेग्युलेटर. नऊ व्होल्ट आत घेऊन तो बाहेर बरोबर पाच व्होल्ट देतो आणि उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने टाकून देतो, म्हणून तापतो. भाचीने मीटरची एक कांडी मधल्या पायाला आणि दुसरी शेवटच्या पायाला लावली. पाच येण्याऐवजी आकडा खाली-वर होत होता. "रेग्युलेटर गेला," ती म्हणाली. काका म्हणाले, "कशावरून? त्याच्या शेजारी बघ." शेजारचा मोठा कंडेन्सर डोक्यावर फुगला होता. कंडेन्सर म्हणजे विजेची छोटी टाकी. पुरवठा खाली-वर झाला तर तो ते झटके स्वतः सोसतो. ही टाकीच निकामी झाली होती. त्यावर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट असे लिहिलेले. आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे या जुन्या भागांची दुकाने अजून आहेत. कंडेन्सर अगदी किरकोळ पैशांत मिळाला. लोकलचे भाडे त्याहून जास्त झाले. भाचीने जुना काढून नवा बसवला. उण्याच्या बाजूची पट्टी कुठे, हे तिने तीनदा तपासले. मीटरवर पाच आले आणि पाचच राहिले.

लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारत असू आणि मग ती चाले. काकांनी यामागचे कारण सांगितले. फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पत्रे घासून जोड लागतो. उलट तोंडातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून भाचीने साठही पट्ट्या पुसल्या. काडी काळी झाली. रिमोट उघडून बटणांखालचे कार्बनचे रबर तसेच पुसले.

आता प्रश्न चित्राचा. जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाची जागा असे. म्हणून पेटीत पत्र्याची एक डबी बसवलेली असते. ती चित्र आणि आवाज यांना रेडिओलहरीत बदलते आणि टीव्हीला वाटते, एखादे चॅनलच येत आहे. आमच्या आताच्या टीव्हीवर ते चॅनल लागले, पण नुसत्या मुंग्या. काकांनी वेगळा रस्ता सांगितला. त्या डबीत चार तारा जातात : पाच व्होल्ट, अर्थ, चित्र आणि आवाज. लहरीत बदलण्याआधीच चित्र आणि आवाज बाहेर काढायचे आणि टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या सॉकेटला द्यायचे. आवाजाचे काम सोपे. चित्राला मात्र मदत लागते, कारण टीव्हीला ७५ ओहमच्या तारेतून साधारण एक व्होल्टचा संकेत हवा असतो. त्यासाठी मध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कंडेन्सर यांचे नखाएवढे सर्किट लागते. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगांच्या पट्ट्या असतात. तपकिरी म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, तिसरी लाल म्हणजे पुढे दोन शून्ये. झाले एक हजार ओहम. हा तक्ता भाचीने दोन दिवसांत पाठ केला. पेटीच्या मागच्या बाजूला दोन छिद्रे पाडून तिने सॉकेट बसवले. चौथ्या रविवारी टीव्हीवर स्वच्छ चित्र आले.

बंदूक मात्र चालली नाही, आणि चालणारही नाही. त्या बंदुकीतून काही सुटत नाही. बंदूकच पडद्याकडे पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. नळीच्या जुन्या टीव्हीवर हे त्याच क्षणी होत असे. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तेवढ्यात हिशेब चुकतो. म्हणजे बंदुकीत दोष नाही. ज्या परिस्थितीवर ती अवलंबून होती ती बदलली.

हे ऐकताना मला धम्मवर्गातला प्रतीत्यसमुत्पाद आठवला. हे असेल तर ते होते. हे नसेल तर ते होत नाही. दोष आहे, दोषाला कारण आहे, कारण दूर करता येते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. हे आपण गाथांमधून म्हणतो. भाचीने ते हातात मीटर घेऊन केले. पेटी नशिबाने बंद पडली नव्हती आणि अगरबत्ती लावून सुरू होणार नव्हती. मुलांना बुद्धिवाद शिकवायचा असेल, तर पंधरा व्याख्यानांपेक्षा एक बंद पडलेली वस्तू अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत झाले.

पुढे दहावीचा निकाल लागला. चांगले गुण मिळाले. ताई आणि दाजी तिला कॉमर्सला घालणार होते. भाची म्हणाली, "मला इलेक्ट्रॉनिक्स करायचंय. डिप्लोमा नाही मिळाला तर आयटीआय." घरात वाद झाला आणि तो माझ्या अंगावर आला.

दाजी शांत माणूस. पण त्या दिवशी ते म्हणाले, "भाऊ, माझ्या बापानं गोदीत पोती वाहिली. पाठीला घट्टे पडले होते. त्यांच्या बापानं गावात काय काय ओढलं ते तुम्हाला सांगायला नको. हातानं काम करायचं आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यातच गेल्या. माझ्या पोरीनं पंख्याखाली खुर्चीत बसावं, तुमच्यासारखं. तुम्ही स्वतः ऑफिसात बसता आणि तिच्या हातात पकड देता?"

वाचकहो, या प्रश्नाला हसून उडवून लावणे मला जमले नाही. दाजींच्या बोलण्यात आपल्या समाजाचा सगळा इतिहास आहे. आपल्यावर हातांची कामे लादली गेली. ती कशी करायची, किती करायची, कधी थांबायचे, हे दुसऱ्यांनी ठरवले. म्हणून आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने लेखणी धरली आणि पुन्हा हात मळू दिले नाहीत. ते योग्यच होते. माझ्या बी. कॉम.च्या पदवीवर माझ्या वडिलांचा जीव होता. मग भाचीने आता जे केले ते त्या जुन्या कामापेक्षा वेगळे कसे? याचा विचार करताना मला एका अमेरिकन माणसाची गोष्ट उपयोगी पडली. ती मी दाजींना सांगितली, तीच इथे सांगतो.

गेराल्ड लॉसन, ज्यांना सर्वजण जेरी लॉसन म्हणत, यांचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथे झाला. ते कृष्णवर्णीय. वडील गोदी कामगार होते, पण विज्ञानाची पुस्तके आवडीने वाचणारे. आई महापालिकेत नोकरीला. मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून ती शाळा निवडताना फार चिकित्सा करी आणि पुढे पालक-शिक्षक संघाची अध्यक्षही झाली. पहिलीच्या वर्गात शिक्षिकेने लॉसन यांच्या बाकाजवळ एक चित्र लावले होते. ते चित्र होते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे. गुलामाच्या पोटी जन्मून शेतीशास्त्रज्ञ झालेले कार्व्हर वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ च्या पुस्तकामुळे मराठी घरांना परिचित आहेत. आपल्या अनेक विहारांच्या वाचनालयांत ते पुस्तक आहे. त्या शिक्षिकेने मुलाला सांगितले, की तूही असा होऊ शकतोस. लॉसन ही आठवण आयुष्यभर सांगत.

तेराव्या वर्षी त्यांनी आपल्या खोलीत हौशी रेडिओ केंद्र उभारले. मोठे होत असताना लोकांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवले. न्यूयॉर्कच्या दोन कॉलेजांत ते शिकले, पण पदवी पूर्ण झाली नाही. १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीत अभियंता म्हणून लागले. फावल्या वेळात स्वतःच्या गॅरेजमध्ये त्यांनी नाणे टाकून खेळायचा एक गेम बनवला. कंपनीला ते कळले आणि तिने गेमच्या विभागाचे तांत्रिक काम त्यांच्याकडे सोपवले.

तोपर्यंत घरगुती गेमच्या पेटीत जे खेळ कारखान्यातून येत तेवढेच असत. खेळ कंटाळवाणा झाला की पेटीही अडगळीत. खेळ वेगळ्या, बदलता येणाऱ्या स्मृतीत ठेवण्याची कल्पना आल्पेक्स या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोन अभियंत्यांनी प्रयोगात आणली होती. त्या प्रयोगाचे घरात चालेल, मुले आदळआपट करतील तरी टिकेल, असे यंत्र बनवण्याच्या कामाचे नेतृत्व लॉसन यांनी केले. कॅसेट शेकडो वेळा घातली आणि काढली तरी आतले नाजूक भाग जळू नयेत, रेडिओलहरींचा त्रास शेजारच्या टीव्हींना होऊ नये, असे कितीतरी प्रश्न त्यांच्या तुकडीने सोडवले. 'चॅनल एफ' नावाचे हे यंत्र नोव्हेंबर १९७६ मध्ये बाजारात आले. किंमत १६९.९५ डॉलर. कॅसेट पिवळ्या रंगाच्या. खेळ मध्येच थांबवून ठेवण्याचे बटणही त्यात होते. पुढच्याच वर्षी आलेल्या अटारीच्या यंत्राने बाजार जिंकला, पण कॅसेट बदलण्याची पद्धत कायम राहिली. १९९७ साली आमच्या चाळीत मुले ज्या कॅसेटची अदलाबदल करीत होती, तिच्या मागे हा इतिहास होता. आम्हाला तो कोणी सांगितला नव्हता.

लॉसन यांचा आवाज फोनवर ऐकलेली माणसे प्रत्यक्ष भेटीत त्यांचा वर्ण पाहून थक्क होत. असे काम करणारा माणूस काळा असेल, हे त्यांच्या मनातच येत नसे. असा अनुभव तुमच्या-माझ्या घरांत कोणाला आला नसेल? लॉसन यांच्या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली. मार्च २०११ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांचा सत्कार केला आणि ९ एप्रिल २०११ रोजी ते वारले. आज जगभर काही हौशी लोक जुने चॅनल एफ दुरुस्त करतात आणि भाचीने आमच्या पेटीला केले तसेच त्यालाही नव्या टीव्हीसाठी चित्राची वेगळी वाट काढून देतात.

दाजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "त्याचाही बाप गोदीतच होता म्हणता?" मी म्हणालो, "हो." ते पुढे काही बोलले नाहीत.

मला जे म्हणायचे आहे ते असे. पोती वाहणाऱ्याला 'का' विचारण्याची मुभा नव्हती. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला 'का' विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. काम हाताने होते की लेखणीने, यावर त्याची प्रतिष्ठा ठरत नाही. त्या कामात आपली बुद्धी आणि आपली मर्जी आहे की नाही, यावर ठरते. जातिव्यवस्थेने हात आणि डोके यांची फाळणी केली : एकाने नुसते राबायचे, दुसऱ्याने नुसते जाणायचे. आपण हात टाकून फक्त लेखणी धरली, तरी ती फाळणी तशीच राहते. आपली फक्त बाजू बदलते.

बाबासाहेबांनी यंत्राकडे कधी संशयाने पाहिले नाही. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा जाब विचारणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू ठामपणे मांडली आहे. माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवून फुरसत देणे आणि त्या फुरसतीतून संस्कृती घडणे, हे यंत्रामुळेच शक्य होते. दोष यंत्राचा नसून त्याचा फायदा काही थोड्यांनीच घ्यावा अशा समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. म्हणजे 'शिका' या शब्दात त्यांच्या मनात कारखाना आणि प्रयोगशाळाही होती. आमच्या काकांना रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जागा मिळाली, ती याच वाटेने. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "म्हणून तर मी पोरीकडून एक पैसा घेतला नाही."

एक गैरसमज होऊ नये. लॉसन यांना पदवी नव्हती, म्हणून पदवी नको, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे कागदाशिवाय दारात उभे करत नाहीत. हुनर आणि कागद दोन्ही हवेत. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा असतो. त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो झाल्यावरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा केंद्रीय दर्जा मिळालेला आहे. जातीचा दाखला आणि पडताळणी यांचे कागद निकालाची वाट न पाहता आधीच तयार ठेवावेत. दरवर्षी याच एका कारणाने मुले अडतात, हे मी वस्तीत काम करताना पाहतो.

भाचीचे नाव सरकारी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या यादीत लागले. कागदपत्रांसाठी रजा टाकून रांगेत उभे राहिले ते दाजीच. त्यांची शंका पूर्ण फिटलेली नाही. "नोकरी लागू दे, मग बोलू," असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पोट भरल्याशिवाय कोणतेही तत्त्वज्ञान टिकत नाही. पण घरातली इस्त्री बंद पडली, तेव्हा ती दुकानात न नेता त्यांनी लेकीच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवली.

आता आमच्या विहारात महिन्यातले दोन रविवार वंदनेनंतर दुरुस्तीचा वर्ग भरतो. काका शिकवतात, आठ-दहा मुले येतात, त्यांतल्या निम्म्या मुली. शेगडीची बटणे, टॉर्च, रिमोट, जुने रेडिओ असे सामान असते. नियम थोडे आणि कडक आहेत. वस्तू भिंतीतून काढल्याशिवाय उघडायची नाही. नळीचा जुना टीव्ही आणि मायक्रोव्हेव कोणीही उघडायचा नाही, कारण बंद केल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असते. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत ठेवायचा. आणि काय केले ते वहीत लिहायचे : दोष काय, कारण काय, उपाय काय. ही वही मला हिशेबाच्या वहीइतकीच मोलाची वाटते.

आपल्या प्रत्येक वस्तीत रेल्वे, वीज मंडळ, टेलिफोन, बेस्ट अशा ठिकाणांहून निवृत्त झालेले एखादे काका, एखाद्या मावशी आहेतच. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते कोणत्याही ग्रंथालयात नाही आणि त्यांच्याबरोबरच ते जाणार आहे. त्यांना जयंतीच्या दिवशी शाल देऊन आपण मोकळे होतो. शाल जरूर द्यावी. पण त्यांच्यापुढे चार मुले आणि एक बंद पडलेली वस्तूही ठेवावी. ज्यांच्या घरी अशा वस्तू पडून असतील त्यांनी त्या भंगारात घालण्याआधी आपल्या विहारात आणून द्याव्यात. त्यातल्या सगळ्याच दुरुस्त होतील असे नाही. न झालेल्या वस्तूही उघडून पाहण्याच्या उपयोगाच्या असतात.

जय भीम!